मायचं लाल लुगडं

माणूस बागेत बसवायचा असतो, बागेवर चिकटवायचा नसतो, असं आमचे सर पहिल्याच रविवारी म्हणाले. सर शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. हिंगोलीत गच्चीवर पत्र्याखाली तैलरंगाचा वर्ग घेतात. तिथं सगळी कॉलेजची पोरं आणि पन्नाशी ओलांडलेली मी एकटी कारकून बाई. मला फक्त मायचं चित्र काढायचं होतं, त्यासाठीच मी गेले.

माय कुरुंद्याला दादाकडे राहते. घरामागं तिनं स्वतः लावलेली बाग आहे, कर्दळ, सीताफळ, शेवगा. तिथं तिला खुर्चीवर बसवून फोटो काढला आणि कामाला लागले. मागची पानं ओली असतानाच चेहरा रंगवायला घेतला, तर मायच्या गालांवर शेवाळ चढलं. तैलरंगाला घाई चालत नाही, आधी खालचं वाळू द्या, सर म्हणाले. पुढं चेहरा जमला, पण तिचं पांढरट लुगडं झाडीत वाळत टाकल्यासारखं दिसत होतं. सरांनी सांगितलं, एवढ्या हिरव्यात माणूस उठून दिसायला लालच पाहिजे. त्यावर तासभर व्याख्यानही दिलं.

मी ब्रश धरून नुसती बसले. वडील गेल्यापासून मायनं लाल नेसलेलं नाही. तेव्हा ती आजच्या माझ्यापेक्षा कितीतरी लहान होती. तिच्या रंगीत साड्या बायकांनी परस्पर वाटून टाकल्या, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून मी तिला फोन करून विचारलं. आधी ती कर्दळ फुलल्याचं सांगत बसली. मग म्हणाली, "कर बाई लाल. चित्राला कोण काय म्हणून राहिलं?" आणि हळूच, "कुंकवावानी कर. फिक्कं नको."

तसा लाल नळीतून सरळ निघत नाही. मिसळून, पुसून, पुन्हा मिसळून एकदाचा साधला. वाळल्यावर मी चित्राचा फोटो भाचीला पाठवला. आजी फोन हातातून सोडतच नाही, असं तिनं कळवलं. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

मग तो फोटो दादानं पाहिला. भाचीला पाहायला पाहुणे येणार होते आणि चित्र बैठकीत लागणार होतं. म्हातारी लाल लुगड्यात दिसली तर लोक काय म्हणतील, या काळजीनं त्यानं फोन केला, तोही मला नाही, सरांना. रविवारी वर्गात गेले तर माय पांढऱ्यात. रंग अजून ओला होता. सर नजर चुकवत म्हणाले, "ताई, उलट बराबर झालं. पांढऱ्यावर उजेड चांगला खुलतो." हिरव्यापुढच्या लालाचं सगळं व्याख्यान एका फोनवर गुंडाळलं गेलं होतं. संताप याचा, की चुण्या त्यांनी सुरेख काढल्या होत्या. माझ्या हातून तशा कधी आल्या नसत्या.

ओला रंग टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसता येतो, खालचा वाळलेला लाल तसाच राहतो. मी फडकं भिजवलं आणि मायला फोन लावला. पुसू का, विचारलं.

"राहू दे बाई," ती म्हणाली. "अंगावरचं काढलं तवा बी मी बोलले न्हाई, आता चित्रातल्यासाठी काहून बोलू? पोरीचं जमून राहिलं."

मी फडकं ठेवून दिलं. सर चहा सांगायला गेले.

सोयरीक जमली. पाहुण्यांना चित्र फार आवडलं. आजी किती शांत दिसतात, म्हणाले. दादा ते सगळ्यांना कौतुकानं दाखवतो. माय बैठकीत आली की त्या भिंतीकडं पाठ करून बसते.