मुलाकात बंद होती त्या दिवशी

दत्तमहाराजांवर मी त्या दिवशी चिडलेच होते. वाघोडियाच्या कारखान्यात मारामारी झाली, त्यात माझ्या अविनाशचं नाव आलं आणि पोरगा कच्चा कैदी म्हणून तुरुंगात गेला. त्याच्यासाठी साताऱ्याहून येऊन मी तुरुंगाजवळ नागरवाड्यात खोली घेतली. इतकी वर्षं सेवा केली, ती यासाठी का, असं महाराजांनाच फाडफाड विचारत होते. त्यातच कळलं, की उन्हाने बराकीत कोणी कैदी चक्कर येऊन पडला. कोण, ते कोणी सांगेना. पोराला एकदा डोळ्यांनी बघायला जीव नुसता तळमळत होता.

तुरुंगाच्या दारावर एकच गुजराती शिपाई, घामाने निथळलेला. "मुलाकात बंध छे, बेन. स्टाफ नथी. आवजो," म्हणाला. बाकीची माणसं कुरकुरत निघून गेली. मी मात्र भिंतीच्या वीतभर सावलीत बसून राहिले. आवजो म्हणजे या, असंच मला वाटलं. आता बोलावतील, मग बोलावतील. ऊन अंगावर आलं. नाम घ्यायला लागले, तर ओठांवर अविनाशचंच नाव येई. शेवटी म्हटलं, महाराज, आता माझ्याच्यानं होत नाही, तुम्हीच बघा.

बऱ्याच वेळाने, मी अजून तिथेच बसलेली बघून शिपायाने विचारलं, "हजी बेठां छो, बेन?" मी म्हटलं, "तुम्हीच नाही का आवजो म्हणालात?" तो आधी गोंधळला, मग हसता हसता डोळे पुसायला लागला. इकडे निरोप देताना तसं म्हणतात, हे त्यानेच मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं. आपणही निघताना 'येते' म्हणतोच की, पण मला मेलीला सुचलं नाही. बदलीचा माणूस आला नव्हता, त्यामुळे तो सकाळपासून एकटाच उभा होता. दार सोडून त्याला हलता येईना. माझ्याकडून पोराचं नाव विचारून घेतलं, मग दारातली छोटी खिडकी उघडून त्याने अविनाशच्या नावाने हाक मारली. आत सावलीला बसलेल्या कैद्यांनी ती तोंडातोंडी पुढे नेली. मी कधी न पाहिलेली ती कोणाकोणाची लेकरं माझ्या मुलाचं नाव घेत होती.

मग लांबून आवाज आला, "आई, जेवलीस का?"

"जेवले रे," मी ओरडून खोटंच सांगितलं, आणि तिथेच रडले.

तो दिसला नाहीच. अजून आतच आहे, आणि ओढ तशीच आहे. महाराजांना जाब विचारणं मात्र सुटलं. माझ्या हातात काही नसतानाही तो आवाज माझ्यापर्यंत आला. आता हात जोडते तेव्हा आधी त्या शिपायाचं आणि हाक पुढे नेणाऱ्या त्या पोरांचं भलं मागते. अविनाशसाठी वेगळं मागायचं राहूनच जातं.