अक्कलकाऱ्याची मुळी आणि मुकी सोयरीक

घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणाची दाढ दुखली की माझ्या आजीच्या डब्यातून अक्कलकाऱ्याची मुळी निघायची. तुकडा दाढेखाली धरायचा. तोंडाला पाणी सुटतं, जिभेला मुंग्या येतात, ठणका थांबतो. घसा बसला तरी आजीचा इलाज तोच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडचे लोक मला बघायला यायचे होते, त्याच सकाळी मी चाळीच्या नळावर भांडले आणि घसा बसवून घेतला. स्थळ मला हवंच होतं. मुलगा कसा आहे ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरात स्वतःचा नळ आहे, एवढं ऐकलं होतं. प्रेमात पडायला तेवढं पुष्कळ झालं.

आजी म्हणाली, "वायच तुकडो जिभेखाली धर गो, तांदळाएवढो."

मी कॉलेजात जाणारी! तांदळाएवढ्याने आवाज सुटतो, तर बोटाएवढ्याने गाणंसुद्धा म्हणता येईल, हे माझं गणित. आजीची पाठ वळताच अख्खी मुळी तोंडात.

पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा जीभ जागेवर आहे की नाही, कळेना.

"नाव काय गं तुझं?" मुलाच्या आईने विचारलं.

मी तोंड उघडलं आणि लाळेची धार थेट पोह्यांत.

"मुकी आहे की काय!" मुलाचा मामा कुजबुजला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा.

झालं, वाट लागली! घाबरून मी तोंडातली मुळी काढून सगळ्यांना दाखवली.

"अगो बाय, अक्कलकारो!" मुलाची आई मालवणीवर आली. "माजी दाढ कधीची ठणकता. आसा आणखी?"

आजीने डबा उघडला. मुलाचा गाल सुजलेला होता, त्यानेही तुकडा घेतला. मामाचे दात ठणठणीत. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर त्याचीही दाढ दुखायला लागली.

थोड्याच वेळात पाहुणे टॉवेल धरून बसले. मामा मानपानाचं बोलायला सरसावला, तर नुसते बुडबुडे.

बोलू शकणारी आजीच उरली. "तुमका काय मागूचा नाय मां? बरा झाला!"

मामाने जोरजोरात हात हलवले.

"नाय म्हणतत," आजीने सगळ्यांना समजावलं.

मुलाच्या आईने एका हाताने टॉवेल सांभाळला आणि दुसऱ्याने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मुलगा हसायला गेला. त्याची लाळ शर्टावर पडायच्या आत मी पदर पुढे केला.