चौथं बोट सोडून

आधीच सांगते, या कॉलममधले अतर्क्य अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. नवऱ्याला मोठ्यांदा वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "लोकांची झोप पुरी होत नाही, दुसरं काय!" आज मीच लिहायला बसलेय. हसायचं तर खुशाल हसा. पण शेवटपर्यंत वाचा आणि कुणाला काही उमगलं तर मला सांगा... मला खरंच गरज आहे.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते आणि पियानो शिकवते. बावीस वर्षं झाली. घरच्याच हॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, एका वेळी एकच विद्यार्थी. माझी पद्धत जरा खडूस आहे. पहिला महिनाभर मी कुणाला पियानोला हात लावू देत नाही. डायनिंग टेबलवर बोटं चालवायची, आवाजाशिवाय. पोरांच्या आया कुरकुरतात – "मॅडम, पियानो काय शोभेला ठेवलाय का?" – पण मी बधत नाही. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून कुठल्या सुराला कुठलं बोट, हे प्रत्येकासाठी मी वेगळं ठरवते. अंगठा एक, करंगळी पाच. चुकलं तर ओरडत नाही, जमलं तर शाबासकीही देत नाही. फक्त म्हणते, "पुन्हा."

या "पुन्हा"ला कंटाळून माझी स्वतःची मुलगी, मुक्ता, सातव्या वर्षी त्या टेबलावरून उठली ती परत बसली नाही. मीही हट्टी, कधी बोलावलं नाही. आता ती वीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात कॉलेजमधून येताना तिची स्कूटर खडीवरून घसरली आणि डोक्याला मार लागला. तेव्हापासून ती मुंबई नाक्याकडच्या एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूत आहे. बेशुद्ध. हाक मारली, चिमटा काढला, तरी काही नाही.

नवव्या दिवशी नवऱ्याने मला बळेच घरी पाठवलं, आंघोळ करून ये म्हणून. केस पुसत होते तेवढ्यात बेल वाजली. चार वाजले होते. दारात सोनवणे काका! मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आता मुलाकडे नाशिकला असतात आणि माझ्याकडे शिकायला येतात. बाकी सगळ्यांना मी क्लास बंद असल्याचं कळवलं होतं, हेच तेवढे राहून गेले. परत पाठवणार होते, पण ते कॉरिडॉरमध्ये चपला काढून उभे होते आणि मला खरं सांगायला तोंड उघडवेना. म्हटलं, "या, बसा."

काकांच्या उजव्या हाताची अनामिका मशीनमध्ये गेलीय, नुसता खुंट उरलाय. त्यामुळे पाच सुरांचा साधा पहिला धडाही त्यांना जमत नव्हता. चौथा सूर आला की हात अडायचा.

"मॅडम, ऱ्हाऊ द्या. बोटच नाय तर सूर कुठून यायचा?"

"थांबा हो," मी म्हटलं.

आणि त्या दिवशी टेबलाशी बसून मी त्यांच्यासाठी नवीन बोटं शोधली. अंगठा, तर्जनी, मधलं... मग मधलं उचलायचंच नाही, घासत शेजारच्या सुरावर न्यायचं, आणि शेवटी करंगळी. कुठल्याही पुस्तकात हे सापडणार नाही. कुठलाही शिक्षक ही चूकच म्हणेल. चाळीस मिनिटं आम्ही तेच करत होतो, आवाज न करता. त्या चाळीस मिनिटांत मी मुक्ताला विसरले होते. याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला दहा मिनिटांसाठी आयसीयूत सोडलं. मी तिच्याशेजारी उभी होते. तिचा उजवा हात चादरीवर होता आणि तो हलला.

आधी अंगठा टेकला. मग तर्जनी. मग मधलं बोट. ते उचललं गेलं नाही – चादरीवरून घासत बाजूला सरकलं. मग करंगळी. अनामिका सगळा वेळ तळव्यात मिटलेली होती.

आणि मी काय केलं? "मुक्ता" म्हटलं नाही, "बाळा" म्हटलं नाही. बावीस वर्षांची सवय... तोंडातून निघालं, "पुन्हा."

तिने पुन्हा केलं. अगदी तसंच. मी रडत रडत परत "पुन्हा" म्हटलं, तिसऱ्यांदाही केलं. सिस्टर धावत येईपर्यंत हात थांबला होता.

डॉक्टर सज्जन आहेत. म्हणाले, "रिफ्लेक्स असतात, ताई. बोटं हलतात कधी कधी."

"रिफ्लेक्सला मधलं बोट सरकवायला कोण शिकवतं?" मी विचारलं. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "तुला जे बघायचंय तेच दिसतंय गं." आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

समजा, लहानपणी ऐकलेलं कुठेतरी डोक्यात राहिलं असेल. पण कुठलं बोट वापरलं हे ऐकू येत नाही हो! आणि ही बोटं तर आदल्या दिवशी चार वाजता जन्माला आली होती, ती बेशुद्ध असताना, सात किलोमीटरवर. मला आणि काकांना सोडून कुणालाही माहीत नव्हती.

काकांना फोन करून सगळं सांगितलं. अपघाताचंही तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, रागवू नका. त्या दिवशी मला वाटलं पोरगी घरातच हाय. आतल्या दारातून आपल्या टेबलाकडं बघती. म्हनलं, कालेजला सुट्टी असंल."

"दिसली तुम्हाला?"

"दिसली नाय. पण लय वेळ कोणीतरी बघत व्हतं."

त्यानंतर मी वेड्यासारखी रोज चारला क्लास घेतला. काका बिचारे रोज आले. रोज नवीन बोटं शोधायची आणि सकाळी जाऊन तिच्या हाताकडे बघत उभं राहायचं. तेरा दिवस झाले, हात हललेला नाही. डॉक्टर आता "बघू" एवढंच म्हणतात.

पण काल रात्रीपासून एक विचार मला खातोय. ती खरंच घरी असेल तर? मी क्लास घेते म्हणून ती तिथेच बसून राहत असेल तर? आणि मी मूर्ख, तिला रोज नवीन काहीतरी देऊन तिथेच धरून ठेवत असेन तर?

हे मी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर लिहितेय. अकरा वाजायला अजून वीस मिनिटं आहेत. आज सकाळी काकांना फोन केला, येऊ नका म्हटलं. पियानोला कुलूप घातलं. टेबलाच्या खुर्च्या आत सरकवल्या. आणि रिकाम्या घरात मोठ्यांदा म्हणाले, "मुक्ता, क्लास बंद झाला. चुकलं माझं. आता माझ्याबरोबर हॉस्पिटलला चल." दार उघडं धरून थोडा वेळ थांबले. खाली येऊन रिक्षा केली, एका कडेला सरकून बसले.

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "अजून कोणी यायचंय का, ताई?"

मी म्हटलं, "नाही, बसली ती. लवकर चला."