‘माझी’ आणि ‘इतर’

लीड्सच्या हॉस्पिटलातली ती सकाळ आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. मी पोलिसात सार्जंट होतो, बंदुकांच्या परवान्यांची तपासणी माझ्याकडे होती. रायफल क्लबमध्ये नेम धरताना काडतूस रायफलीतच फुटलं आणि आपले एक मराठी सर्जन उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. डोळा गेला तर ऑपरेशन करणंही संपलं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

“रायफल जुनी होती हो,” एवढाच त्यांचा जबाब.

दुपारी त्यांच्या पत्नीचा स्टेशनवर फोन आला. “अहो, मी रिंग केलं ते ह्यांना सांगू नका. ती काडतुसं शॉपमधली नाहीत. आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी दिली. फॅक्टरीचीच आहेत, चीप मिळाली म्हणाले. आणि हे म्हणतात, आपल्या माणसाचं नाव पोलिसात द्यायचं नाही.”

डोळा जाऊ दे, पण आपला माणूस सांभाळायचा. मला भयंकर संताप आला.

डब्यात अकरा काडतुसं उरली होती. डब्यावर एका कारखान्याचं नाव, काडतुसांच्या बुडावर मात्र तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे शिक्के. वापरलेल्या पुंगळ्या कोणीतरी पुन्हा भरून जुन्या डब्यात घातल्या होत्या.

घरी काडतुसं भरणं हा गुन्हा नव्हे. परवानाधारकाला स्वतःपुरती भरता येतात. खर्च निम्म्यावर येतो, आणि दारू नेमकी तोलून, जीव ओतून भरली तर आपल्या रायफलीला ती विकतच्यापेक्षा चांगली जमतात. त्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात, एवढंच. दारू जास्त पडली तर मात्र रायफलीतच स्फोट होतो. विकायला मात्र वेगळा परवाना लागतो. तो सेक्रेटरींकडे नव्हता.

त्यांना आणलं. बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल अशी कायदेशीर समज दिली, टेप सुरू केला. शेजारी माझा इंग्रज सहकारी होता. तासभर ते इंग्रजीत सगळं नाकारत राहिले. शेवटी मी विचारलं, “तुम्ही स्वतः कोणती वापरता?”

ते माझ्याकडे वळले आणि एकदम मराठीत आले. “आपल्यात म्हणून सांगतो. माझी मी एकेक वेट करून भरतो. त्यांची नुसती चमच्याने. हंड्रेड करायची तर एवढा टाइम कुणाला आहे? आणि डॉक्टरांना काय, वीकेंडला पेपरला होल्स पाडायची असतात.”

टेप चालूच होता. मी ते वाक्य न वाक्य सहकाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला.

डॉक्टरांचा डोळा गेला. त्यांनी पुन्हा कधी ऑपरेशन केलं नाही. मंडळात लोक माझ्याशी बोलेनासे झाले. त्याचं मला काही वाटलं नाही. माझा खरा राग दुसऱ्याच माणसावर आहे.

अपघाताच्या आठ महिने आधी सेक्रेटरींच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी मी त्यांच्या घरी, ते काडतुसं भरायचे त्या गॅरेजमध्ये गेलो होतो. वहिनींनी चहा-चिवडा दिला होता. फळीवर भरलेल्या काडतुसांचे दोन डबे होते, देवनागरीत चिठ्ठ्या लावलेले: ‘माझी’ आणि ‘इतर’. आमच्या अख्ख्या स्टेशनात ती अक्षरं वाचू शकणारा मी एकटाच होतो. मी ती वाचली, चहा संपवला, आणि ‘सर्व ठीक’ लिहून सही केली.