मोरीकडची माती

मला कशासाठीच दम धरवत नाही. भात शिजेपर्यंत तीनदा झाकण काढून बघणारा मी. आणि शाळेत विज्ञान शिकवताना मात्र मुलांना बजावायचो, नीट निरीक्षण करा, घाई करू नका. मुलं बिचारी ऐकायची.

अकोल्याला नोकरी लागली आणि पाठोपाठ लग्न झालं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. बायको मोर्शीकडची, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. सासरी येताना तिनं संत्र्याचं एक कलम आणलं आणि आमच्या भाड्याच्या घरामागं लावलं. पुढं दोन वर्षांत माहेरची बाग कोळशीनं गेली. बारीक काळी माशी पानांचा रस पिते, पानांवर काजळी धरते, झाड खंगत जातं, ती कोळशी. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःच्या हातांनी झाडं तोडली. त्या बागेतलं एवढं एकच झाड उरलं होतं, आमच्या अंगणातलं.

त्या पावसाळ्यात त्याच्याही पानांवर काळं दिसलं.

बायको रडली-बिडली नाही. मोरीचं पाणी जिथं मुरायचं तिथं गांडुळं रवाळ माती वर टाकायची. ती माती बायको सकाळी टोपल्यात गोळा करायची, जुन्या मडक्यात भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी फडक्यानं गाळून ते पाणी पानांवर शिंपडायची आणि गाळ बुंध्याशी ओतायची. तिची आई परसातल्या लिंबाला हेच करत असे.

"यानं माशी मरणार आहे का?" मी विचारलं.

"मरते का नाई, मले काय मालूम? झाडाले ताकद येते. ताकद आली का रोग हटते."

"किती दिवसांत?"

"लागन म्हयना-दीड म्हयना."

महिना! मी रोज शाळेतून आल्या आल्या चपला न काढता मागं जायचो आणि बोटानं पान पुसून बघायचो. आठवड्यानं काळंच. पंधरा दिवसांनीही काळंच. फळ्यावर लिहिताना तेच पान डोळ्यांपुढं यायचं. त्यात हिचा चेहरा शांत, त्यानं माझं डोकं आणखी तडकायचं. शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा सुटताच बाजारात गेलो आणि किडीचं औषध घेऊन आलो, पांढरी भुकटी. बायको शेजारी गेली होती. मी भुकटी पानांवर टाकली, बुंध्याशी टाकली, वर दोन बादल्या पाणी ओतलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी गांडुळं वर आली होती. काही वळवळत होती, बरीचशी मेली होती. बायको एकेक उचलून टोपल्यात ठेवत होती. मी मदतीला वाकलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "मले विचारलं असतं त काय बिघडलं असतं?"

झाड महत्त्वाचं की किडे, असं काहीतरी मी बोललो, तेही चढ्या आवाजात. चूक माझी असली की माझा आवाज चढतोच. त्यानंतर ती झाडाबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

आणि झाड सुधारलं. नवी पालवी आली, अगदी स्वच्छ. आता ही तिच्या मातीनं आली की माझ्या भुकटीनं? दोन्ही एकदम घातल्यावर कळणार कसं? एखाद्या मुलानं असा प्रयोग केला असता तर मी त्याच्या वहीवर लाल रेघ ओढली असती. पण शिक्षकांच्या खोलीत मी छाती फुगवून सांगितलं, औषधानं.

मग मामाजी आले. तोडलेल्या बागेच्या जागी त्यांनी पंचवीस नवी कलमं लावली होती आणि त्यांच्यावरही काळं दिसू लागलं होतं. ही बाग गेली तर पुन्हा लावायचं त्यांचं वय नव्हतं. आमच्या झाडाची पानं त्यांनी एकेक उलटून पाहिली.

"जवाईबापू, कायनं सुधरलं हे?"

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"औषधानं," मी म्हणालो.

तिनं चहा ठेवला. मामाजींनी मागितली तेव्हा उरलेल्या भुकटीची पुडी तिनंच बांधून त्यांच्या पिशवीत घातली.

ते गेले आणि मला चैन पडेना. जेवताना उठायचो, वर्गात बोलता बोलता थांबायचो. रविवारी पहिल्या गाडीनं अमरावती, तिथून मोर्शी. गाडी वाटेत थांबली की मी खाली उतरून येरझारा घालायचो. मामाजी शेतात भेटले. त्यांच्या पिशवीत पुडी तशीच बांधलेली होती, ते पाऊस उघडायची वाट बघत होते. मी धापा टाकतच सगळं सांगितलं, तिची माती, मेलेली गांडुळं, माझी फुशारकी. खरं काय ते मला माहीत नाही, म्हटलं.

औषधाचं त्यांनी काही विचारलं नाही.

"मंग पोरगी कावून नाई बोलली? दारातच त उभी होती."

तिचा स्वभावच तसा आहे, असं म्हणणार होतो. म्हणवलं नाही.

"माझ्यासमोर कशी बोलणार?" मी म्हणालो.

मामाजींनी पुडी माझ्या हातात दिली.

"माह्या घरी लय बोलत जाये," ते म्हणाले.