पडेगावच्या खाणीतली काळी काच

छत खाली आलं तेव्हा बाईंचे फक्त पाय बाहेर राहिले. एका पायात बूट, दुसरा उघडा. दोन्ही हलत नव्हते. मी कपारीच्या तोंडाशी गुडघ्यांवर होते. माझा डावा हात दगडाखाली गेला होता आणि उजव्या हातात खुरपं होतं. त्या खुरप्यानं मीच हे करून ठेवलं होतं.

बाई कुठल्याशा कॉलेजातून दगडांचा अभ्यास करायला आल्या होत्या. वय माझ्या नातीएवढं. एका खोदकामात त्यांना बोटाच्या पेराएवढं काळं पातं सापडलं होतं, काचेचं. लोखंड माहीत नव्हतं तेव्हा माणसं असल्या पात्यांनी कातडं कापायची म्हणे. ते पातं इथल्याच काचेचं की लांबून कुणी आणलेलं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. इथं काच असेल हेच मला पटेना. माझा जन्म पडेगावच्या खाणीत खडी फोडण्यात गेला.

मी विचारलं, “आमच्या दगडात काच असती व्हय?”

“असते आजी, पण सालीसारखी पातळ. तापलेला रस ओल्या मातीवर पसरला की त्याचा खालचा थर झटक्यात गार होतो. दाणे धरायला वेळच मिळत नाही, म्हणून त्याची काच होते. वरचा भाग सावकाश निवतो, त्याचा दगड होतो.”

पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कडक होतो, तसं ते. एवढं मला कळलं. मग मीच सांगितलं, काळ्या दगडाखाली तांबडी माती कुठं आहे ते मला ठाऊक आहे.

जुन्या खाणीच्या कडेला एक कपार आहे. चुली आणि भिंती सारवायला आमच्या आयाबाया तिथूनच तांबडी माती काढायच्या. काढून काढून दोघी बसतील एवढी पोकळी झाली. मधोमध मात्र मातीचा एक खांब ठेवलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं. त्याला कुणी खुरपं लावायचं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. देव असेल म्हणून सोडून दिलं. मी काही देवाची फार नाही.

शेजारची आपा सोबत आली होती. तिनं आणि मी एकाच खाणीत काम केलेलं. ती आत यायला तयार नव्हती, बाहेरच पहार टेकवून उभी राहिली. बाईंनी आत बॅटरी मारली. छताची साल सगळीकडे झडलेली होती. खांबाच्या डोक्यावर मात्र बोटभर जाडीची काळी रेघ चमकत होती. डांबरासारखी काळी, पण कडेला पिवळट उजेड आरपार जात होता. इतकी वर्षं त्या दगडाखाली वाकले, पण मान वर करून बघितलंच नव्हतं.

“तेवढी मोकळी झाली असती तर,” बाई म्हणाल्या.

“थांबा, माती काढते.”

बाहेरून आपा ओरडली, “उसकू हात नक्को लगाव! पुरानी औरतां पागल थ्यां क्या?”

“तू गप. माती तर हाय.”

चार-पाच वेळा खुरपं मारलं. बाईंनी तुकडा उपटला आणि खांब बसला, त्यानं धरलेलं छतही. त्या बायांनी कुंकू कशासाठी लावलं होतं, ते तेव्हा कळलं.

शिळा एका बाजूनं ढिगाऱ्यावर टेकली होती, म्हणून खाली फट होती. आपानं फटीत पहार घातली, खाली धोंडा दिला आणि पहारीवर सगळं अंग टाकलं. शिळा बोटभर उचलली. माझा हात सुटला.

“खींच, क्या देखरी? मैं गिरी तो दोनों मरतें!”

मी बाईंचे पाय धरून ओढलं. अंग बाहेर आलं तेव्हा चेहरा मातीनं भरलेला होता, श्वास दिसेना. तोंडात बोट घालून मी माती काढली. त्यांनी खोकल्याबरोबर माझं बोट चावलं. त्यांची मूठ उघडेना. मुठीतल्या काचेनं तळवा चिरला होता.

दवाखान्यात आपा मला म्हणाली, “अब्बी बोल, माती है.”

पुढं बाईंचा फोन आला. इथली काच जुनी होऊन कुजलेली निघाली, कापताना तिचा भुगा झाला. असल्या काचेचं पातं घडत नाही, म्हणजे ते इथलं नाही.

“मग कुठलं?”

“अजून माहीत नाही, आजी.”

“मग एवढा खटाटोप कशाला केला?”

“इथलं नाही, हे सांगायलाही पुरावा लागतो.”

ते पातं कुणी, कुठून आणि कशाच्या बदल्यात आणलं असेल, हे अजूनही माझ्या डोक्यात येतं.

बाईंचा पाय मांडीत मोडला होता, त्या काठी घेऊन चालतात. माझी दोन बोटं गेली. आपाला खरचटलंही नाही. तिघी जगलो.