दोनशे चौदाचा दुसरा टॅग

सगळ्यात आधी सांगून टाकतो – भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, त्याला आम्ही बग म्हणतच नाही. इथे या साइटवर येणारे लोकांचे भुताचे अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसायचो. त्यामुळे आता कोणी मला हसलं तर तक्रार नाही.

गोष्ट २००५ च्या डिसेंबरमधली. मी अटलांटाजवळ अल्फारेटाला एकटा राहत होतो. त्याच वर्षी मार्चमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. एकतीस वर्षं ते बार्शी डेपोला एसटीचे कंडक्टर होते. मला जाता आलं नाही. माझी ग्रीन कार्डची फाइल अशा जागी होती की वकील म्हणाला, "आत्ता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर सगळं पहिल्यापासून." मी नाही टाकलं. ते तेरा दिवस मी रोज ऑफिसला गेलो आणि कोणाला काही बोललोही नाही. सप्टेंबरात कार्ड आलं. आता कुठेही जाता येत होतं, फक्त बार्शीला जायला तोंड नव्हतं.

ख्रिसमसला आमचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स ओस पडतं. ओळखीचे सगळे इंडियात. घरात बसलो तर डोकं फिरेल, म्हणून फोनवरून डॅन्यूब नदीची आठ दिवसांची क्रूझ बुक केली – पसाऊ ते बुडापेस्ट. एजंट बाईंनी पूर्ण नाव विचारलं. शाळेत पाठ झालेलं तसंच मी सांगितलं, आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव.

"आणि वासुदेव म्हणजे?"

"माय फादर," मी म्हटलं.

"ओह, हाउ स्वीट!" बाई म्हणाल्या. त्यात एवढं स्वीट काय, ते मला कळलं नाही. या क्रूझवर एकट्यालाही जवळपास दोघांचं भाडं पडतं, त्यामुळे बिल पाहूनही शंका आली नाही.

उलगडा झाला तो बोटीवर. रिसेप्शनवर इल्दिको नावाची हंगेरियन मुलगी होती. तिने रूम नंबर दोनशे चौदाची किल्ली दिली आणि दुसरा पासपोर्ट मागितला. मिस्टर वासुदेव कुठे आहेत? एजंट बाईंनी माझ्याबरोबर अण्णांचंही बुकिंग करून टाकलं होतं.

ते वारले, एवढंच म्हणायचं होतं. नऊ महिन्यांत मी ते एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं… तेव्हाही नाही जमलं. "ही कुडन्ट कम," म्हणालो.

"मग पुढच्या स्टॉपला जॉइन होतील?"

मी मान हलवली. आपली ती हो आणि नाहीच्या मधली मान. तिने हो धरलं.

झालं! माझ्या बेडवर रोज दोन उशा, दोन उशांवर दोन चॉकलेटं. जेवायच्या टेबलावर समोर दुसरी प्लेट. आजूबाजूला सगळी अमेरिकन रिटायर्ड जोडपी, मजेत. बाहेर दोन्ही काठांवर बर्फ, काचेवर बर्फ. मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर सूप प्यायचो आणि खरं सांगू का, वेटर ती प्लेट उचलायला आला की मला नको वाटायचं.

आता बोटीची पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. रिसेप्शनजवळ एक बोर्ड, त्याला हुक, हुकांना प्रत्येकाच्या नावाचा टॅग. गावात उतरताना आपला टॅग न्यायचा, परत आलं की हुकाला लावायचा. बोट सुटायच्या आधी रिसेप्शनने बोर्ड बघायचा. हुक रिकामा दिसला तर माणूस खाली आहे, बोट थांबवायची. दोनशे चौदाचे दोन टॅग शेजारी शेजारी लटकत असायचे, माझा आणि अण्णांचा.

तिसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात मेल्क गावी थांबलो. चारला बोट सुटणार होती. सगळे ग्रुपने मठ बघायला गेले. मी एकटाच नदीकाठच्या झाडीतून चालत सुटलो, आणि टॅग न्यायला साफ विसरलो.

तीनच्या सुमारास बर्फावरून पाय घसरला आणि मी उतारावरून खाली गेलो. घोटा असा मुरगळला की उभं राहता येईना. फोन अमेरिकेतला, तिथे बंद. हाका मारल्या, पण बर्फात आवाज कुठे जातो कोण जाणे. अंधारायला लागलं, बोटीचा भोंगा ऐकू आला, आणि तेव्हा आठवलं – माझा टॅग हुकालाच आहे. म्हणजे बोर्डाच्या हिशोबाने मी बोटीवर आहे. कोणी शोधणार नव्हतं. बोटीवर नाही, आणि अल्फारेटात तर दोन जानेवारीपर्यंत माझी चौकशी करणारं कुणीच नव्हतं. हाताची बोटं बधिर झाली. मला रडू फुटलं. पस्तिशीचा माणूस मी, "अण्णा, अण्णा" करत रडलो.

किती वेळ गेला माहीत नाही. मग टॉर्च दिसले. बोटीवरची दोन माणसं ब्लँकेट घेऊन सरळ माझ्याकडेच येत होती, इकडे तिकडे न शोधता.

बोटीवर पोचलो तर इल्दिको धावत आली. "थँक युवर फादर! त्यांनी आम्हाला निघूच दिलं नाही."

"फादर?" मी विचारलं.

ती म्हणाली, "साडेतीनला आले ना ते. खाकी कपडे, गळ्यात मफलर. इंग्लिश येत नव्हतं. लाउंजमध्ये फिरले, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर काहीतरी लोखंडी टकटक करत माणसं मोजली. मग माझ्याकडे येऊन हाताचं एक बोट वर केलं आणि मान हलवली. म्हणजे एक कमी, बरोबर? दोनशे चौदाचा त्यांच्या नावाचा टॅग काढून घेतला आणि दारातच उभे राहिले. टॅग नसताना कॅप्टन बोट कशी सोडेल? शेवटी त्यांनी त्या झाडीकडे हात केला, म्हणून आम्ही माणसं पाठवली."

"आता कुठे आहेत?"

तिने बोर्डाकडे पाहिलं. दुसरा टॅग जागेवर होता, ओला. बोटीवरच्या लोकांनी सगळी बोट तपासली. माणूस मिळाला नाही.

अण्णांची ड्युटी मी लहानपणी पाहिली आहे. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. चहाच्या थांब्यावरून गाडी सुटताना ते तिकिटाच्या पंचने सीटच्या दांड्यांवर टकटक करत डोकी मोजायचे. एक जरी कमी भरला तरी डबल बेल नाही, मग ड्रायव्हर कितीही कटकट करो.

हे मी तिथे कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

अल्फारेटाला परतल्यावर ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"विजू, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते रे," ती म्हणाली. "शेवटचे दोन दिवस अण्णा शुद्धीत नव्हते. पलंगाच्या दांडीवर बोटाने टकटक करायचे आणि आम्हाला मोजायचे. परत परत एकच… 'एक पॅसेंजर कमी आहे. बेल देऊ नका.' "

जानेवारीत मी बार्शीला गेलो. ताईने अण्णांचा पंच जपून ठेवला होता, तो माझ्या हातात दिला. त्यांच्या पलंगाशी बसून मी म्हटलं, "अण्णा, आलो. भरले सगळे."

इल्दिकोने कोणाला पाहिलं, मला आजही माहीत नाही. खाकी कपड्यांतला कोणी गावकरी असेल, तर त्याने नेमका तोच टॅग का काढला? मी टेस्टर म्हणून हजार वेळा तपासून पाहिलंय, काही जुळत नाही.

त्या दिवशी मात्र मी पंचने पलंगाच्या दांडीवर दोनदा टकटक केलं. डबल बेल दिली, आणि मग पोटभर रडलो.